बाटलीवरचा चौकोन

मी नोकरीला लागले तेव्हा पोलिओच्या बाटलीवर तो चौकोन नव्हता. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. माझी पहिली नेमणूक शहापूर तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर झाली. माहेर उंबरमाळीच्या बाजूचं असल्यामुळे चढ-उतार पायांना नवे नव्हते. नवी होती ती खांद्यावरची निळी पेटी. आत चार बाजूंना बर्फ झालेल्या पाण्याच्या चपट्या डब्या आणि मधे लसीच्या बाटल्या. त्या पेटीचं वजन फार नसे, पण ती खांद्यावर असली की मला वेगळंच ओझं वाटायचं.

लस चांगली आहे की वाया गेली, हे बघून कळायचं नाही. गार असली तरी ते गुलाबीसर पाणी तसंच, उन्हात तापली तरी तसंच. चव, वास, रंग, कशातच फरक नाही. आमच्या केंद्रात एक मोठ्या सिस्टर होत्या. त्यांनीच मला हाताशी धरून काम शिकवलं. मी एकदा त्यांना विचारलं, "आतलं औषध जिवंत आहे हे ओळखायचं कसं?"

"डबी हलवून बघायची. आत बर्फ वाजला ना, मग लस आहे," त्या म्हणाल्या.

एका वैशाखात माझी एसटी वाटेत बंद पडली. दुसरी गाडी यायला तीन तासांच्या वर गेले. मी पेटी मांडीवर घेऊन करंजाच्या सावलीत बसले होते. मधे मधे झाकण उघडून बघायचे, मग उघडलं म्हणून स्वतःवरच चिडायचे. गावात पोचले तेव्हा डब्या हलवल्या. नुसतं पाणी. तेही कोमट.

शाळेच्या ओट्यावर बाया पोरं घेऊन बसल्या होत्या. मी चोवीस वर्षांची. "आज नको, परत या" असं म्हणण्याची हिंमत मला झाली नाही. आणि लस खराब झालीय असं तरी मी कशावरून सांगणार होते? मी सगळ्यांना थेंब पाजले, कार्डांवर तारखा घातल्या आणि संध्याकाळी परत आले. मोठ्या सिस्टरना गाडीचं सांगितलं, बर्फाचं नाही.

पुढच्या वर्षी पाऊस संपता संपता त्याच गावचा एक माणूस पोरीला खांद्यावर टाकून केंद्रात आला. दीड-दोन वर्षांची पोर. ताप येऊन गेला होता आणि उजवा पाय लुळा पडला होता. तिच्या बापाने प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेलं कार्ड काढून माझ्यापुढे धरलं. तीन डोस. तिन्ही तारखा माझ्याच अक्षरात.

"तुमीच पाजलं ना बाय?"

"हो."

"तिनी टाइम आनली होती. एकपन चुकवला नाय. मंग?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. तो खरंच विचारत होता. मी कार्डाकडे बघत राहिले. दुसऱ्या डोसची तारीख त्याच दिवसाची होती, एसटी बंद पडली त्या दिवसाची.

डॉक्टरांनी पोरीला पुढे पाठवलं, नमुने घेतले, व्यायाम सांगितले. पाय काही परत आला नाही. नीट ठेवलेली लस देऊनही एखाद्या मुलाला ती लागू पडत नाही, असं डॉक्टर म्हणाले. तेही खरंच होतं. पण मला त्यानंतर रात्रीचं जेवण जाईना. एकदा वाटायचं सांगून टाकावं, एकदा वाटायचं सांगून तिचा पाय बरा होणार आहे का. मी कोणालाच सांगितलं नाही.

पुढे लग्न झालं, बदली मागून मुरबाड तालुक्यात आले. टोकावड्याच्या आतल्या बाजूला उपकेंद्र मिळालं. तिथे असताना, दोन हजार साल उजाडायच्या थोडं आधी, बाटल्यांवर ती खूण यायला लागली. जांभळं वर्तुळ, वाटाण्याएवढं, आणि त्याच्या मधोमध पांढरा चौकोन.

आमचे तेव्हाचे डॉक्टर तरुण होते आणि त्यांना समजावून सांगायची हौस होती. त्यांनी आम्हा सगळ्या सिस्टरना बाकावर बसवलं आणि एक बाटली हातोहात फिरवली.

"या चौकोनात एक रसायन आहे," ते म्हणाले. "गार असतं तोवर त्याचे कण सुटे सुटे असतात. ऊब लागली की एक कण शेजारच्याचा हात धरतो, तो त्याच्या शेजारच्याचा. अशी साखळी वाढत जाते. तिला पॉलिमर म्हणतात. आपलं प्लास्टिकही पॉलिमरच. पण हा हुशार पॉलिमर आहे. भोवतालची ऊब ओळखतो आणि तसा रंग बदलतो. साखळी जितकी वाढेल तितका चौकोन गडद."

"मग कधी फेकायची?" कोणीतरी विचारलं.

"चौकोन वर्तुळापेक्षा फिकट आहे तोवर वापरायची. दोन्हींचा रंग सारखा झाला की बाद."

मी विचारलं, "आणि परत फ्रीजमध्ये ठेवली तर?"

"धरलेला हात सुटत नाही, सिस्टर. गारव्यात साखळी वाढायची थांबेल. पण मागे जाणार नाही. जितकी ऊब लागली ती सगळी तिथे जमा आहे."

बाकीच्या जणी चहाला उठल्या. मी बाटली धरून बसून राहिले. आधी सुटल्यासारखं वाटलं. आता बर्फाचा आवाज ऐकत बसायला नको, बाटली स्वतःच सांगेल. आणि लगेच लक्षात आलं, आता 'मला कळलं नाही' असं म्हणायलाही जागा उरली नव्हती.

त्यानंतर मला एक खोडच लागली. पेटी भरताना चौकोन बघायचा, गावात पोचल्यावर बघायचा, दर चार-पाच मुलांमागे बघायचा. उजेडात धरायची, सावलीत धरायची. आमच्या अंगणवाडीच्या सेविका हसायच्या. "सिस्टर, किती वेळा बघाल? नजर लागेल बाटलीला."

ज्या दिवसाचं सांगायचं आहे तो पोलिओचा रविवार होता, दिवाळीच्या जरा आधीचा. पाऊस जाऊन ऊन कडक पडलं होतं. भातकापणी चालू होती. भारनियमन तर रोजचंच होतं, त्यात त्या आठवड्यात आमच्या भागातला ट्रान्सफॉर्मर जळाला आणि केंद्राची वीज तीन दिवस गेली. डॉक्टरांनी मुरबाडहून बर्फाच्या लाद्या आणवल्या, लसीचा फ्रीज गोणपाटाने गुंडाळला. तरी रविवारी सकाळी बाटल्या हातात घेतल्या तेव्हा चौकोन पांढरे राहिले नव्हते. फिकट जांभळे झाले होते.

"अजून चालतील," डॉक्टर म्हणाले. त्यांनी एकेक बाटली दाराशी नेऊन बघितली होती. "पण आजच संपवा. उद्यासाठी ठेवू नका."

माझ्या वाट्याला रस्त्यापासून तासभर चालीची एक वाडी होती. तीन बाटल्या आणि अर्धवट गोठलेल्या चार डब्या घेऊन मी निघाले. शाळेच्या पडवीत टेबल लावलं. सेविका यादी घेऊन बसली. सकाळी सतरा मुलं आली आणि पहिली बाटली जवळजवळ संपली. उरलेल्या बाया कापणीला गेल्या होत्या, त्या दुपारी येणार होत्या.

दुपारी त्या आल्या. हातात विळे तसेच, केसांत भाताचा भुसा. पडवी भरली. मी पेटी उघडली. डब्यांतला बर्फ विरघळला होता. दुसरी बाटली काढली आणि बघितली.

मला वर्तुळ आणि चौकोन वेगळे दिसेनात.

मी बाटली पडवीच्या कडेला नेली. उन्हात धरली, मग पदराच्या सावलीत धरली. तिसरी काढली. तीही तशीच. सेविकेला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "तुला कसा दिसतो?"

तिने बराच वेळ बघितलं. "मला किंचित फिकट वाटतो, सिस्टर. अगदी किंचित."

"नक्की?"

"आता नक्की कसं सांगू? तुमी विचारताय म्हणून मलापन घाबराय झालं."

मी परत बघितलं. क्षणभर फिकट वाटला, आणि लगेच वाटलं, तो फिकट असावा अशी माझीच इच्छा आहे. बावीस मुलं बसली होती. मग दुसराच विचार आला. सकाळच्या सतरा जणांचं काय? सकाळी चौकोन फिकट होता, मी बघितला होता. नीट बघितला होता ना?

पुढे बसलेली एक तरुण बाई उठून टेबलाशी आली. छातीशी धरलेलं पोर दोन महिन्यांचं. "काय झालं गो बाय?"

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "औषध तापलंय असं वाटतं. पाजलं तर पोरांना अपाय होणार नाही. पण उपयोगही होणार नाही. आणि बोटाला शाई लागली की सगळ्यांना वाटेल पाजून झालं."

पडवीत गलका झाला. एक म्हातारी म्हणाली, "कापनी टाकून आलोय आमी. आता म्हनतंस नाय पाजत?"

तरुण बाई माझ्या हाताकडे बघत होती. "बाटली तर भरलेली हाय. पाजा ना. आमी उद्या पहाटं जातोय. भिवंडीच्या बाजूला, वीटभट्टीवर. ट्रक येनार हाय."

"कधी येणार परत?"

"पावसाच्या आदी. याला अजून येकपन डोस नाय मिलाला."

ती आठ महिने जाणार होती. भट्टीवर पुढच्या फेरीला कोणी पोचेल की नाही, कोण सांगणार? तिच्या पोराला थेंब पाजून करंगळीला शाई लावणं फार सोपं होतं. ती खुशीत घरी गेली असती. मीसुद्धा.

मी बाटल्या पेटीत ठेवल्या. "मी दुसरी लस घेऊन येते. दिवस मावळायच्या आत येते. कोणी वाडी सोडून जाऊ नका."

"कुठून आननार?" सेविकेने विचारलं.

आमच्या केंद्रात जाऊन उपयोग नव्हता. तिथला सगळा साठा त्याच फ्रीजमधला. सरळगावहून शहापूरच्या रस्त्याला लागलं की त्या तालुक्यातलं एक आरोग्य केंद्र होतं. तिकडची वीज दुसऱ्या लाइनवर होती. पहिल्या नेमणुकीच्या मोठ्या सिस्टर आता तिथे होत्या. पण दुसऱ्या तालुक्यातली लस मागायला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. माझ्याकडे ती नव्हती, वाडीत फोन नव्हता आणि मोबाइलला तिथे रेंज नव्हती.

मी अर्धी वाट पळालेच. रस्त्याला एक जीप मिळाली, सरळगावला दुसरी. दुसरी भरेपर्यंत सुटेना. मी ड्रायव्हरला म्हणाले, "भाऊ, लस न्यायची आहे, लवकर काढा." त्याने माझ्या साडीकडे आणि पेटीकडे बघितलं आणि तीन सवाऱ्या कमी असताना गाडी काढली. वाटेत मी दोनदा पेटी उघडायला हात नेला आणि दोन्ही वेळा मागे घेतला.

मोठ्या सिस्टर केंद्राच्या दारातच भेटल्या. केस पांढरे झाले होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं.

"चिठ्ठी कुठंय?"

"नाही."

"तुझ्या डॉक्टरांना माहीत आहे?"

"नाही."

त्यांनी माझ्याकडून बाटली घेतली, चष्मा कपाळावर सरकवून डोळ्यांजवळ नेली, बघितली आणि माझ्या हातात परत दिली. मग आतून चार बाटल्या आणल्या. चौकोन पांढरेशुभ्र. इतका पांढरा चौकोन मी आठवडाभर बघितला नव्हता. टणक गोठलेल्या चार डब्या त्यांनी स्वतः माझ्या पेटीत बसवल्या आणि एका कागदावर माझी सही घेतली.

झाकण लावताना त्या म्हणाल्या, "ती पाय गेलेली पोर अजून डोक्यात आहे ना तुझ्या?"

मी दचकले. त्या पोरीबद्दल आम्ही इतक्या वर्षांत एक शब्द बोललो नव्हतो. मग उभ्या उभ्या मी एसटीचं सांगितलं. कोमट पाण्याचं सांगितलं.

त्यांनी झाकण घट्ट दाबलं. "त्याच्या आदल्याच रात्री आपल्या फ्रीजचं दार लागलं नव्हतं गं. पहाटे बघते तर दार सताड उघडं. मी लावलं आणि गप्प बसले. त्याच बाटल्या तुझ्या पेटीत भरल्या."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू मला बर्फाचं सांगितलंस का?"

बाहेर जीपवाला हॉर्न देत होता. मी त्यांच्या पाया पडले की नुसती वळले, आता आठवत नाही. परतीच्या वाटेवर हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. इतकी वर्षं एकाच दिवसाची भीती होती. आता वाटत होतं, असे आणखी किती दिवस गेले असतील, आणि कोणाकोणाच्या हातून.

वाडीत पोचले तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता. पडवीत सात-आठ बायाच उरल्या होत्या. मी त्यांच्या पोरांना पाजायला बसले आणि सेविका घरोघर हाका मारत सुटली. काही जणी कुरकुरत आल्या. म्हातारीने नातवाला माझ्यापुढे धरलं आणि म्हणाली, "आता तरी गार हाय ना?" मी बाटली तिच्या गालाला लावली. ती हसली. सकाळच्या सतरापैकी बारा जणांना मी परत पाजलं. जादा डोसाने काही बिघडत नाही. उरलेले पाच मामाकडे, कुठे कुठे गेले होते. ते मला पुढच्या आठवड्यात सापडले.

वीटभट्टीची बाई पडवीत नव्हती. तिच्या घरी गेले तर ती दारात बसून भांडी गोणीत भरत होती.

"मला वाटलं तू काय येत नाय," ती म्हणाली.

पोर झोपलं होतं. तिने त्याचे गाल दाबून तोंड उघडलं. मी दोन थेंब टाकले. त्याने तोंड वाकडं केलं, जीभ बाहेर काढली आणि रडायला लागलं. एक थेंब ओघळला असं वाटलं, म्हणून मी आणखी एक टाकला. तिच्या कार्डावर तारीख घालून पुढच्या डोसाचं सांगितलं आणि भट्टीवर कोणी नर्स दिसली की कार्ड दाखव म्हणून बजावलं. तिने मान हलवली आणि कार्ड चोळीत खोचलं.

सोमवारी सकाळी दोन्ही भरलेल्या बाटल्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवल्या आणि चिठ्ठीविना लस आणल्याचं कबूल केलं. ते बाटली घेऊन दारात गेले.

"मला फिकट वाटतो," ते म्हणाले. "थोडाच. पण चालली असती."

औषधं देणारे काका मागून डोकावले. "नाय साहेब. सारकाच हाय."

दोघांनी परत बघितलं. दोघे आपापल्या मतावर राहिले. मला तिथे उभं राहवेना. डॉक्टर माझा चेहरा बघून म्हणाले, "शंका आली तर वापरायची नाही, असंच शिकवलंय ना मी? मग झालं." त्यांनी शहापूरच्या केंद्रासाठी चिठ्ठी लिहिली, बाद लसीच्या वहीत सही केली. मी दारापर्यंत गेल्यावर सहज म्हणाले, "सिस्टर, डोळे कधी तपासलेत?"

मी "बघते" म्हणाले आणि बघितलं नाही. वर्षभर टाळलं. मुरबाडला बाजाराला जायचे, चष्म्याच्या दुकानावरून जायचे आणि पाय उचलून पुढे निघायचे. डोळे चांगले निघाले तर त्या दिवशी मी बरोबर होते. नाही निघाले तर काय काय उकरून काढावं लागेल, याची मला भीती वाटायची.

ज्येष्ठात वीटभट्टीची माणसं परत आली. पोर दाराच्या चौकटीला धरून उभं राहत होतं. मी त्याचे पाय धरून, गुडघे वाकवून बघत राहिले. बाई म्हणाली, "काय शोधतंस बाय? काटा नाय लागला त्याला." भट्टीवर दोन डोस मिळाले होते. कार्ड तिने विटांच्या धुळीने लाल करून आणलं होतं, पण हरवलं नव्हतं.

मग एका दुपारी, पोथी वाचताना अक्षरं एकमेकांत मिसळायला लागली तेव्हा, नवरा मला धरून दुकानात घेऊन गेला. चाळिशी लागली होती. दुकानदार म्हणाला, "बाई, दोन-तीन वर्षं तरी तुम्ही ओढूनताणून चालवलंत."

दुसऱ्या दिवशी केंद्रात गेले आणि चष्मा लावून फ्रीजमधली एक बाटली काढली. वर्तुळाची कड, चौकोनाचे चारही कोपरे, सगळं लख्ख दिसलं. मी ती बाटली ठेवून दुसरी काढली, मग तिसरी. काका म्हणाले, "काय झालं सिस्टर?" माझ्या मनात हिशेब चालू होता. दोन-तीन वर्षं. किती वाड्या, किती रविवार. नको म्हटलेल्या त्या दोन बाटल्यांची मला काळजी नव्हती. चालेल म्हटलेल्यांची होती.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. त्यांनी त्या वर्षांच्या माझ्या गावांच्या याद्या मागवल्या आणि पुढच्या फेरीला तिथलं एकही घर सुटणार नाही अशी व्यवस्था लावली. मी स्वतः प्रत्येक घरी गेले. त्या गावांत कोणा मुलाचा पाय गेल्याचं माझ्या कानावर आलं नाही. तरी वर्षभर कोणी पोर लंगडताना दिसलं की मी थांबून विचारायचे. बहुतेक वेळा खेळताना लागलेलं असायचं.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी एकटीने बाटली बघितली नाही. आधी सेविकेच्या हातात द्यायची, ती काय म्हणते ते ऐकायचं, आणि मग चष्मा लावून मी बघायची.